ओमानात भेटलेला कंगवेवाला

माझं आडनाव नार्वेकर, आणि गेली कित्येक वर्षं मी नॉर्वेच्या एका राजाच्या मागे लागले आहे. यावर जो विनोद आत्ता तुमच्या मनात आला तो साताऱ्यात सगळ्यांचा करून झालाय, तेव्हा पुढे चला.

राजाचं नाव स्वेर्रे. मध्ययुगातला. फॅरो नावाच्या बेटांवर वाढला, पाद्री व्हायचं शिक्षण घेतलं आणि मग एके दिवशी आईनं सांगितलं, बाबा रे, तुझा बाप हा नव्हे. तुझा खरा बाप नॉर्वेचा राजा! घरात ज्याला तो बाप म्हणायचा तो उनास नावाचा कंगवे बनवणारा साधा माणूस होता. झालं! गडी उठला, नॉर्वेला गेला, पायांना झाडाच्या साली गुंडाळून हिंडणाऱ्या फाटक्या बंडखोरांचा म्होरक्या झाला, बर्फातून डोंगर तुडवत लढला आणि गादीवर जाऊन बसला. चर्चशी भांडला, धर्माबाहेर टाकला गेला, तरी गादी सोडली नाही. एवढं करून स्वस्थ बसला तर तो राजा कसला? एका मठाधिपतीला बोलावून त्यानं आपलं चरित्र लिहायला लावलं, आणि काय लिहायचं नि काय नाही ते स्वतः शेजारी बसून ठरवलं.

इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मी या प्रकारावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला. चांगला झणझणीत, टिंगलीचा. आपल्याकडच्या गौरवग्रंथवाल्यांना दोन चिमटे काढले. लेख कुणी वाचला नाही अशी माझी समजूत होती, पण महिन्याभरात मस्कतहून फोन आला.

"बाई, तुमचा लेख वाचला. फार प्रेरणादायी! मलाही अगदी अस्संच करायचंय."

मी कपाळाला हात लावला. फोन करणारे दळवीसाहेब दुक्म बंदराच्या कामगार-छावण्यांना जेवण पुरवणारे बडे ठेकेदार. त्यांची एकसष्टी होती, तिथलं मराठी मंडळ गौरवग्रंथ काढणार होतं, आणि त्यातलं मुख्य चरित्र मी लिहावं अशी त्यांची इच्छा. त्या बदल्यात स्वेर्रेवरचं माझं पुस्तक ते स्वखर्चानं छापून देणार. त्या पुस्तकाचं बाड घेऊन मी किती प्रकाशकांच्या पायऱ्या चढले होते ते मलाच ठाऊक. सगळ्यांचं एकच, "बाई, आपल्याकडचा एखादा राजा घ्या की!" गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी बॅग भरली.

अझैबा

जुन्या विमानतळाजवळच्या अझैबात दळवींचा पांढराशुभ्र बंगला. बाहेर भट्टी आणि आत हिमालय. एसी इतका गार ठेवतात की ओमानात मी पहिल्या दिवशी काय विकत घेतलं असेल तर स्वेटर! दळवीवहिनी पुण्याच्या, बोलायला गोड. त्यांनी काहव्याबरोबर, म्हणजे अरबी कॉफीबरोबर, खजूर आणि पोह्यांबरोबर ओमानी हलवा पुढे केला. हलव्याचा चमचा तोंडात घातल्यावर मला आमच्या कंदी पेढ्यांची फार आठवण आली. हलवा वाईट नव्हे, पण तो खाताना माणसाला बोलता येत नाही. दळवीसाहेबांच्या घरी तीच सोय असावी.

त्यांची नात सई, असेल आठवी-नववीत, माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, तुम्ही त्या किंगचे... किंगची... तुम्ही त्याला ओळखता?"

"ओळखते ना. पण तो मला ओळखत नाही."

पोरीला हे पटलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मी लॅपटॉप घेऊन खुर्चीत, साहेब शेजारी सोफ्यावर. लेखात लिहिल्याबरहुकूम.

"शाळेत तिसरा नंबर असायचा," ते म्हणाले. मी लिहिलं. "नाही, वगळा. पहिला लिहा."

"पहिला होता?"

"आला असता हो, इन्शाल्ला."

इन्शाल्ला भूतकाळालाही चालतं हे मला तिथे कळलं. दुपारपर्यंत साहेब कबड्डीत राज्य पातळीवर पोचले, कॉलेजात त्यांनी संप मोडून काढला आणि मस्कतला आल्यावर पहिली नोकरी सोडली ती तत्त्वासाठी. प्रत्यक्षात काढून टाकलं होतं, हे त्यांनीच सांगितलं आणि त्यांनीच वगळलं.

मग वडिलांचं पान आलं. साहेबांनी आवाज खाली आणला. "वडील कॅप्टन यशवंतराव दळवी. जहाजावर होते. मी लहान असताना दुक्मच्या समुद्रात वादळ झालं, त्यात गेले."

"जहाजाचं नाव?"

"तुम्हाला शोभेल ते ठेवा."

आता मी आयुष्यभर पोरांना संदर्भ द्यायला शिकवलेलं. माझी लेखणी अडली. साहेबांनाही ते कळलं असावं. म्हणाले, "तुम्हाला दुक्मला नेतो. तो समुद्र बघा म्हणजे आपोआप सुचेल. वाटेत इब्र्याला आईची गाठ घालून देतो. तिला मस्कत मानवत नाही. आमचे जुने आचारी तात्या तिथे आमची मेस चालवतात, तेच तिच्याकडे बघतात."

इब्रा

बुधवारी पहाटे निघालो. गाडी चालवायला सलीमभाई. हे दाभोळचे, आणि दाभोळहून निघालेला माणूस जगात कुठेही गेला तरी बोलायचं थांबत नाही. डोंगर असे की गवताची काडी नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सुद्धा डोंगराला लाज झाकण्यापुरतं काहीतरी असतं. आणि मग एकदम खाली खजुराची हिरवीगार बाग, मातीच्या भिंती, त्यामागून पाटाचं पाणी. मी गाडी थांबवायला सांगितली, तर साहेब म्हणाले, "परतताना." परतताना काय झालं ते सांगेनच.

मेसच्या मागे दोन खोल्यांचं घर. माई दारातच उभ्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, फिक्या रंगाचं लुगडं, कपाळ मोकळं. आणि आत तव्याशी तात्या, उंच, थोडे वाकलेले, खांद्यावर पंचा.

घावणे आणि नारळाचा रस. असे घावणे मी गुहागरच्या मावशीकडे खाल्ले होते, त्यानंतर आत्ताच. साहेब पाटावर बसून, "तात्या, बाईंना रस," "तात्या, चटणी," असं सोडत होते, आणि तात्या "हो साहेब," म्हणत वाढत होते. मी म्हटलं, "तात्या, तुम्हीही बसा की आमच्याबरोबर." तर तात्यांच्या आधी साहेबच म्हणाले, "त्यांना सवय नाही." माईंनी मात्र तव्यावरचे पहिले दोन घावणे एका ताटलीत काढून वर झाकण ठेवलं होतं. मला वाटलं नैवेद्य असेल.

खाणं आवरल्यावर माई म्हणाल्या, "बाय, बाजार बघायचाय काय? आज बुधवार, बायकांचा बाजार."

इब्र्याचा हा बाजार मला फार आवडला. बुधवारी सकाळी भरतो, विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, आणि पुरुषांना आत मज्जाव. आपल्याकडे बायकांना कुठेकुठे मज्जाव ते मी सांगत बसत नाही, पण पुरुष बाहेर आणि आपण आत, हे सुख मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा घेतलं. साहेब फाटकाशी अडले. शेजारी बसून लिहून घेण्याची एवढी सवय, की म्हणतात कसे, "बाई, आई काही आठवणी सांगेल. फोन चालू ठेवा, म्हणजे मलाही ऐकू येईल." मी बरं म्हटलं आणि आत गेल्याबरोबर फोन बंद केला.

आत कापडाचे तागे, मेंदी, काजळ, धुपाचे डबे, नुसता घमघमाट. माई सराईतपणे एका ओमानी बाईच्या दुकानाशी गेल्या. त्या बाईनं काही न विचारता हातआरसा त्यांच्यासमोर धरला. माईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून कुंकवाची डबी काढली आणि कपाळावर चांगलं ठसठशीत, रुपयाएवढं कुंकू लावलं. दुकानदारीण खुशीत म्हणाली, "झैन, झैन!" म्हणजे छान.

मी बघतच राहिले. "माई, अहो हे काय?"

"काय म्हणजे? नवरा जिता आहे माझा," माई म्हणाल्या. "आत्ता तुम्हाला घावणे कोणी वाढलान?"

मला बसायला स्टूल मिळालं हे नशीब.

माईंनी सगळं सांगितलं, न रडता. तात्या एका रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या छावणीत आचारी म्हणून इब्र्याला आले. त्यांनी मुलाला शिकवलं. मुलाचं पुण्यात लग्न ठरायच्या बोलण्यात मुलीकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात? मुलगा गप्प बसला. घरी आला तो दोन दिवस जेवला नाही. तेव्हा तात्यांनीच तोड काढली. सांग, बाप कॅप्टन होता, बुडाला. मी आचारी म्हणून येतो लग्नाला, कोण विचारतंय!

"मला वाटलं थट्टा करतायत. तर खरंच आले हो! मांडवामागे हे बुंदी पाडतायत, आणि हिकडे माझ्या पोराची हळद. मी पुढे झाले तर पुण्याची एक बाई म्हणते, तुम्ही नको, लांबूनच बघा. विधवा ना मी! पोटच्या पोराला हळद लावायला दिलान नाही मला कोणी."

मला इतका संताप आला की समोरची मेंदीची परात फेकून द्यावीशी वाटली. मुलाचा आला, तात्यांचाही आला. एवढं मोठं मन काय कामाचं, जे बायकोला न विचारता तिचं कुंकू देऊन टाकतं?

"तेव्हापासून तो कुणाला घेऊन आला की मी पुसते," माई म्हणाल्या. "बोलण्यातलं होतं तोवर चाललं, बाय. बोललेलं वाऱ्यावर जातं. आता तुम्ही छापणार. आणि त्या समारंभात कॅप्टनच्या फोटोला हार घालायचा म्हणे, तोही मीच. जित्या नवऱ्याच्या नावानं? नाही हो जमायचं. एवढं लिहू नका. तुम्ही शिकलेल्या, काहीतरी सांगा त्याला."

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. शब्द देताना माझं पुस्तक डोळ्यांसमोरून गेलं, छापलेलं, कापडी बांधणीचं. खोटं कशाला बोलू? ते सोडायचं जिवावर आलं.

फाटकाशी येताना माईंनी पदरानं कपाळ पुसलं. साहेब उन्हात लाल झाले होते. "काय सांगितलं आईनं?"

"बरंच," मी म्हटलं.

दुक्म

इब्र्याहून दुक्मचा रस्ता म्हणजे एक सपाट कंटाळा, मध्येमध्ये उंट. उंट रस्त्याच्या मधोमध उभे राहतात आणि गाडीकडे असं बघतात की आपणच माफी मागावी. दुक्मला पोचल्यावर समुद्र, बंदर, तेलशुद्धीकरणाची धुराडी, आणि जिकडे बघावं तिकडे पुरुष. बाई म्हणून मी एकटीच. साहेबांच्या मेसमध्ये मी शिरल्याबरोबर जेवणाऱ्या सगळ्यांनी आधी शर्टाची बटणं लावली. आमटी तात्यांच्या पद्धतीची होती, फक्त तात्यांचा हात नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी मला किनाऱ्यावर नेलं. "इथे," ते समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले. "त्या तिथे. लाटा दोन-दोन मजली. बाबांनी सगळ्या खलाशांना होडीत बसवलं आणि स्वतः शेवटपर्यंत..." डोळ्यांत खरोखरचं पाणी! अझैबात वादळ साधं होतं, इथे येईपर्यंत ते दोन मजली झालं आणि त्यात खलाशीही आले. मी चकित होऊन बघत होते. माणूस खोटं बोलत नव्हता हो. इतक्या वर्षांत त्याला ते आठवायला लागलं होतं.

सलीमभाई चहा घेऊन आले आणि साहेब पुढे गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, तुमी सकाली बुडालेल्या कॅप्टनच्या हातचा रस पियालात ना?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"सगल्या शर्कियाला, ह्या अख्ख्या मुलखाला ठाऊक हाय. फकस्त पुन्याला नाय."

मी साहेबांना गाठलं. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. "साहेब, माझ्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण सांगते तुम्हाला. राजाचं नाही, कंगवेवाल्याचं. पोराला खांद्यावर घेऊन वाढवलं असेल त्यानं. पोर राजा झालं, आणि त्या चरित्रात कंगवेवाल्याचं पुढे काय झालं ते कुठे नाही. मेला कधी, पुरला कुठे, पोराला आठवला का. राजा शेजारी बसला होता ना, मग कोण लिहिणार? मी इतकी वर्षं शोधतेय. मला अजून सापडलेलं नाही."

साहेब समुद्राकडे बघत राहिले. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग ते म्हणाले, "बाई, ते प्रकरण वगळा."

"म्हणजे?"

"राजाच्या पुस्तकात कंगवेवाला कशाला? उगाच रसभंग. ते प्रकरण वगळा, पुस्तक उत्तम होईल. मी छापतो."

घ्या! स्वतःचं झालं, आता हा बाबा नॉर्वेचंही संपादन करणार. माझं डोकं सटकलं. "साहेब, ते प्रकरण राहणार. आणि तुमचा कॅप्टन मी काही बुडवणार नाही. ज्याच्या हातचं मी आज सकाळी खाल्लं, त्याला मारायला माझा हात धजायचा नाही."

त्यांचा चेहरा उतरला. आईनं सांगितलं का, तात्यांनी, का सलीमनं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मग खलास, बाई."

दुसऱ्या दिवशी परतीला निघालो. इब्र्याच्या वळणावर सलीमभाईंनी सवयीनं वेग कमी केला. साहेब म्हणाले, "यल्ला, पुढे चल." खजुराची बाग मी काचेतूनच बघितली.

मस्कत

माझं परतीचं तिकीट समारंभानंतरचं. त्यामुळे मी अझैबातच, न धड पाहुणी, न धड लेखिका. वहिनींनी जेवायला घालण्यात कमी केलं नाही, हे सांगायला हवं. चरित्र मग मराठी मंडळाच्या चिटणीसांनी तीन दिवसांत लिहिलं. त्यांना काहीच अडलं नाही, जहाजाचं नाव सुद्धा नाही.

मी इब्र्याला फोन लावला. "माई, मी लिहिलं नाही. पण दुसऱ्यानं लिहिलं. छापूनही आलं. मला नाही जमलं हो."

पलीकडे तवा चरचरत होता. माई म्हणाल्या, "बरं. माझं मी बघते."

समारंभाचा हॉल गच्च भरलेला. मराठी माणूस देश सोडेल, पण शाल-श्रीफळ सोडायचा नाही. स्वागत, प्रास्ताविक, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक. पहिल्या रांगेत पुण्याची सासुरवाडी. व्यासपीठावर कॅप्टनचा मोठा फोटो, कुणा पुतण्यानं कॉम्प्युटरकडून करवून घेतलेला. पांढरा गणवेश, भरघोस मिशा, आणि सलाम ठोकणाऱ्या हाताला सहा बोटं. कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. हॉलच्या मागच्या दारापलीकडे जेवणाची तयारी, आणि तिथे कढईपाशी तात्या. एकसष्टीची जिलबी दुसऱ्या कुणाच्या हातची कशी चालेल?

माई सलीमभाईंबरोबर आल्या. हिरवं लुगडं, आणि कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. पुण्याच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साहेबांनी व्यासपीठावरून पाहिलं आणि समोरचा पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला हे मला शेवटच्या रांगेतून दिसलं. चिटणीसांना मात्र काही दिसत नव्हतं, ते कागद वाचत होते. "आता मी वीरमाता... क्षमा करा, वीरपत्नी माईंना विनंती करतो, की त्यांनी कैलासवासी कॅप्टनसाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करावा."

माई उठल्या. पायऱ्या चढून त्यांनी तबकातला हार उचलला. फोटोकडे एकदा बघितलं. मग वळल्या, पायऱ्या उतरल्या आणि मधल्या वाटेनं सरळ मागे चालायला लागल्या. चिटणीस माइकवर म्हणाले, "माई, प्रतिमा इकडे आहे." माई थांबल्या नाहीत. मी उठले, सई उठली, सगळा हॉल मान वळवून बघायला लागला.

तात्यांच्या हातात झारा. माई समोर उभ्या राहिल्या.

"वाका जरा."

"अगं, काय हे? हात पाकाचे आहेत माझे."

"लग्नात तुमच्या मामानं तुम्हाला उचलून धरलान. आज वाका."

तात्या वाकले. माईंनी हार घातला. कुणी टाळी वाजवली नाही, कुणाला सुचलंच नाही.

सई पुढे झाली. "माई, तात्याकुकला... हार का?"

"कुक नाही, गो. पणजोबा तुझे. पाया पड."

पोरगी एकदा माईंकडे, एकदा तात्यांकडे बघून वाकली. चिटणीस धावत माझ्यापाशी आले. "बाई, आता ग्रंथाचं हो काय करायचं? सगळ्या प्रती छापून आल्यात!" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं, कारण साहेब येत होते.

अंगावर शाल, हातात नारळ. सासुरवाडीच्या रांगेशी त्यांचा पाय क्षणभर अडला, पण ते आले. त्यांना बघून तात्या घाबरले. घाईघाईनं हार काढायला लागले आणि म्हणाले, "साहेब, हिचं वय झालंय. मनावर घेऊ नका, साहेब."

बाप मुलाला साहेब म्हणत होता, आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्यापर्यंत सगळे ते ऐकत होते. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

साहेबांनी तात्यांचा हार काढणारा हात धरला. पाक त्यांच्या शालीला लागला, नारळ कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला.

"बाबा," ते म्हणाले, "हात धुवा आणि वर चला. लोक खोळंबलेत."